साहित्यमूल्याची साक्ष : एका निषेधगीताच्या निमित्ताने

एखाद्या कृतीवर अश्लीलतेचा आरोप आला की तिच्या बचावासाठी साहित्याच्या अभ्यासकाला पाचारण करण्याचा प्रघात आहे. अभ्यासकाने न्यायासनासमोर उभे राहावे, ‘या कृतीला वाङ्मयीन मूल्य आहे’ असे सांगावे आणि त्या बळावर कृतीची सुटका व्हावी, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा आपल्या अंगवळणी पडलेली आहे. त्यामुळे तिच्यात गृहीत काय धरलेले आहे, हे आपण सहसा तपासत नाही. मूल्य सिद्ध झाले तर उच्चाराला मोकळीक, न झाल्यास नाही, असे ते गृहीत आहे. त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा नागरिकाचा हक्क न राहता गुणवत्तेचे पारितोषिक ठरते, आणि ते देणाऱ्या समितीवर साहित्याचे प्राध्यापक बसलेले असतात. ही भूमिका आपण स्वीकारावी काय, हा प्रश्न प्रस्तुत टिपणात उपस्थित करावयाचा आहे.

त्यासाठी आधार घेतला आहे तो अमेरिकेतील मायामी येथील ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅपगायकांच्या गटाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बॅन्ड इन द यू.एस.ए.’ या निषेधगीताचा. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हे उदाहरण दूरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खटल्यांतून हे गीत निर्माण झाले, त्यांत कळीचा मुद्दा वाङ्मयीन मूल्याचा होता आणि कळीचा साक्षीदार साहित्याचा प्राध्यापक होता. आपल्याकडील अशा खटल्यांतही हाच मुद्दा वारंवार आलेला आहे. म्हणून हे प्रकरण थोडे तपशिलात पाहणे उपयुक्त ठरेल.

(१)

हिप हॉप ही १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, मुख्यतः आफ्रिकी-अमेरिकी, कॅरिबियन आणि लॅटिन वस्त्यांत उदयाला आलेली लोकसंस्कृती होय. रॅप हे तिचे शब्दरूप. ठेक्यावर उच्चारलेले, यमकप्रचुर, गायन आणि पठण यांच्या सीमेवर वावरणारे हे पद्य १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वस्तीबाहेर पडून गोऱ्या मध्यमवर्गाच्या घरांत पोहोचले. त्यावरील नियंत्रणाच्या मागणीला जोर आला तो याच काळात, ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी.

या नियंत्रणाच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली लेबलाची. १९८५ मध्ये टिपर गोर, सुझन बेकर आदी राजधानीतील प्रतिष्ठित स्त्रियांनी ‘पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी सेनेटच्या समितीपुढे या विषयावर सुनावणी झाली. फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर या परस्परांपासून अत्यंत भिन्न प्रकृतीच्या संगीतकारांनी तीत संस्थेच्या मागण्यांना विरोध केला. कायदा झाला नाही; पण ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ‘स्वेच्छेने’ इशाऱ्याचे लेबल लावण्याचे मान्य केले. दुसरी पायरी पत्राची. ‘एन.डब्ल्यू.ए.’ या गटाने पोलिसी अत्याचारांविरुद्ध १९८८ मध्ये केलेल्या गीताबद्दल ऑगस्ट १९८९ मध्ये एफ.बी.आय.च्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने गटाच्या ध्वनिमुद्रण कंपनीला नापसंतीचे पत्र पाठवले. पत्रात कोणत्याही कारवाईची धमकी नव्हती; सरकारी शीर्षपत्र पुरेसे बोलके होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आइस-टी या गायकाने आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच या परिस्थितीवर बोट ठेवले. भाषणस्वातंत्र्य आहे, फक्त काय बोलता ते जपून बोला, असा त्या नावाचा उपरोधिक आशय आहे.

तिसरी पायरी अटकेची, आणि ती ‘टू लाइव्ह क्रू’च्या वाट्याला आली. त्यांची ‘ॲज नॅस्टी ॲज दे वॉना बी’ ही ध्वनिमुद्रिका १९८९ ची. लैंगिक वर्णनांनी ती ओतप्रोत भरलेली आहे आणि त्या वर्णनांतील स्त्रीविषयक दृष्टी अत्यंत हीन आहे, हे आधीच स्पष्ट नोंदवणे आवश्यक आहे. फ्लॉरिडातील ब्रोवर्ड काउंटीचे शेरीफ निक नव्हारो यांच्या खात्याने १९९० च्या आरंभी दुकानदारांना ती विकू नये अशी ताकीद दिली. गटाने या ताकिदीविरुद्ध संघराज्य न्यायालयात दाद मागितली. ६ जून १९९० रोजी न्यायाधीश होसे गोन्झालेझ यांनी दुहेरी निर्णय दिला: शेरीफची ताकीद हे घटनाबाह्य पूर्वनियंत्रण आहे, तथापि ध्वनिमुद्रिका अश्लीलच आहे. निर्णयानंतर दोनच दिवसांनी ती विकणाऱ्या एका दुकानदाराला अटक झाली, आणि १० जूनला हॉलिवूड नावाच्या फ्लॉरिडातील गावी कार्यक्रम केल्याबद्दल गटातील गायकांना.

(२)

अमेरिकेत अश्लीलतेची कसोटी १९७३ च्या ‘मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया’ या निवाड्याने ठरली आहे. तिची तीन अंगे आहेत. समाजाच्या समकालीन मापदंडांनुसार कृती विकृत लैंगिक कुतूहल चाळवणारी असावी. तीत कायद्याने निर्दिष्ट केलेल्या लैंगिक व्यवहाराचे उघड किळसवाणे चित्रण असावे. आणि समग्रतेने पाहता तीत गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय वा वैज्ञानिक मूल्याचा अभाव असावा. तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तरच कृती अश्लील. यांतील तिसरे अंग हे साहित्याच्या अभ्यासकाचे न्यायालयातील प्रवेशद्वार आहे.

गोन्झालेझ यांच्यापुढे संगीतसमीक्षकांनी आणि एका राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने साक्षी दिल्या. हाक आणि प्रतिसाद यांची परंपरा, बढाईचे रूपबंध, ‘डझन्स’ म्हणून ओळखला जाणारा परस्परांना शिव्या देण्याचा शाब्दिक खेळ, यांचे विवेचन त्यांनी केले. न्यायाधीशांना ते पटले नाही. पुढे ऑक्टोबर १९९० मध्ये गायकांवरील फौजदारी खटल्यात हेन्री लुई गेट्स (कनिष्ठ) साक्षीला उभे राहिले. ‘द सिग्निफाइंग मंकी’ (१९८८) या ग्रंथाने आफ्रिकी-अमेरिकी साहित्यमीमांसेला स्वतःची परिभाषा मिळवून देणारे हे समीक्षक. कृष्णवर्णीय पुरुषाच्या लैंगिकतेविषयी गोऱ्या समाजाने रचलेल्या प्रतिमांना ही गाणी अतिशयोक्तीच्या टोकाला नेतात आणि त्यांचे विडंबन करतात. त्यांचा शब्दशः अर्थ घेणे म्हणजे त्या परंपरेचे अज्ञान प्रकट करणे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुराव्यातील ध्वनिफीत ऐकताना ज्यूरींनी न्यायाधीशांकडे हसण्याची परवानगी मागितल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांनी नोंदवले आहे. गेट्स यांच्या प्रतिपादनाला याहून चांगला दुजोरा कोणता? २० ऑक्टोबर रोजी गायक निर्दोष सुटले.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद अपरिचित वाटू नये. शिमग्यातील बोंबा आणि शिव्या, तमाशातील सवाल-जवाब, कलगी-तुऱ्याचे सामने यांत उच्चाराला जी मुभा असते ती त्या प्रसंगाच्या संकेतांनी दिलेली असते. संकेतांबाहेर काढून त्या शब्दांचा पंचनामा केला तर हाती निव्वळ अर्वाच्यता लागेल. गेट्स यांनी ज्यूरींना हे संकेत समजावून दिले.

असे असले तरी या यशाचे स्वरूप नीट तपासले पाहिजे. त्याच महिन्यात, त्याच काउंटीत, दुसऱ्या एका ज्यूरीने त्या दुकानदाराला दोषी ठरवले. गायकांनी त्या ध्वनिमुद्रिकेतील गाणी मंचावर गायिली आणि ते सुटले. दुकानदाराने ती ध्वनिमुद्रिका विकली आणि तो अपराधी ठरला. पुढे मे १९९२ मध्ये अपील न्यायालयाने गोन्झालेझ यांचा निर्णय फिरवला. त्याचे कारणही मननीय आहे. शेरीफच्या बाजूने ध्वनिफितीखेरीज कोणताच पुरावा आला नव्हता, आणि तज्ज्ञांच्या साक्षी समोर असताना कलात्मक मूल्य नाही असे न्यायाधीशाने केवळ स्वतःच्या समजुतीवर ठरवणे योग्य नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. म्हणजे कृतीची सुटका झाली ती तत्त्वाच्या आधारे नव्हे, पुराव्याच्या तराजूत एक पारडे रिकामे राहिले म्हणून. शेरीफने दोन प्राध्यापक उभे केले असते तर? असे प्राध्यापक मिळणे कोणत्याही देशात अवघड नसते.

(३)

या पार्श्वभूमीवर ‘बॅन्ड इन द यू.एस.ए.’ ऐकावयास हवे. अटकेनंतर काही आठवड्यांतच, जुलै १९९० मध्ये ते प्रसिद्ध झाले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ (१९८४) या गीताची चाल त्यात त्यांच्या अनुमतीने घेतली आहे. मूळ गीत व्हिएतनामहून परतलेल्या, देशाने वाऱ्यावर सोडलेल्या सैनिकाचे आहे. त्याचे ध्रुवपद विजयगीतासारखे गर्जते आणि कडवी वैफल्य सांगतात. या अंतर्विरोधाकडे दुर्लक्ष करून अनेकांनी ते देशभक्तिपर गीत म्हणून डोक्यावर घेतले. १९८४ च्या निवडणुकीत अध्यक्ष रेगन यांनीही प्रचारसभेत स्प्रिंगस्टीन यांचा गौरवाने उल्लेख केला होता. ‘टू लाइव्ह क्रू’ने शीर्षकातील एकच शब्द बदलला. ‘जन्मलेला’च्या जागी ‘बंदी घातलेला’ आला. इंग्रजीत हे दोन शब्द उच्चाराने जवळचे आहेत, त्यामुळे एक ऐकताना दुसरा कानात घुमत राहतो. जन्माने जे मिळायला हवे त्याच्या जागी बंदी मिळाली, हा अर्थ केवळ या अदलाबदलीतून निर्माण होतो. ‘जन्मसिद्ध हक्क’ या शब्दांचे मोल जाणणाऱ्या मराठी वाचकाला त्यातील टोच वेगळी सांगायला नको.

तथापि शीर्षकापलीकडे गीत फारसे समृद्ध नाही. ते सरळ आहे, घोषणावजा आहे. ज्या वक्रतेसाठी, ज्या अतिशयोक्तीसाठी गेट्स यांनी गटाची पाठराखण केली, ती येथे जवळजवळ नाही. उसन्या चालीचा आवेशही उसनाच वाटतो. त्यामागे व्यापारी हिशेब नव्हता असेही म्हणता येणार नाही. बंदीची बातमी हीच त्या काळी गटाची सर्वांत मोठी जाहिरात होती. आणखी एक विसंगती इतिहासाने जोडून दिली आहे. ध्वनिमुद्रण उद्योगाने १९९० मध्ये ठरवलेले इशाऱ्याचे एकसारखे काळे-पांढरे लेबल प्रथम ज्या ध्वनिमुद्रिकेवर झळकले, ती म्हणून या गीताच्याच ध्वनिमुद्रिकेची नोंद केली जाते.

माझ्या मते या गीताचे महत्त्व या सामान्यतेतच आहे. गीतातील ‘आम्ही’ कलावंत म्हणून बोलत नाहीत. आपल्या रचनेत मूल्य आहे, परंपरा आहे, विडंबन आहे, असा एकही दावा ते करीत नाहीत. ते पहिल्या घटनादुरुस्तीचा आधार घेतात आणि नागरिक म्हणून बोलतात. न्यायालयात त्यांचे वकील आणि साक्षीदार ‘ही कला आहे’ असे सांगत असताना गायक स्वतः मात्र ‘हा आमचा हक्क आहे’ असे गात होते. हे दोन युक्तिवाद एकमेकांना पूरक भासतात. वस्तुतः त्यांच्या दिशा भिन्न आहेत. पहिल्याला परीक्षक लागतो, दुसऱ्याला लागत नाही.

याच गटाच्या दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय या दुसऱ्या युक्तिवादाच्या जवळ आलेले दिसते. रॉय ऑर्बिसन यांच्या एका लोकप्रिय गीताचे गटाने केलेले विडंबन स्वामित्वहक्काच्या वादात सापडले. मार्च १९९४ मध्ये न्यायमूर्ती सूटर यांनी एकमताचा निकाल लिहिला. विडंबन सुरुचिपूर्ण आहे की नाही, हा प्रश्न ‘उचित वापर’ ठरवताना गैरलागू आहे, असे त्यांनी म्हटले. आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्यांनी कलेच्या योग्यायोग्यतेचे अंतिम निर्णायक होणे धोक्याचे आहे, या न्यायमूर्ती होम्स यांच्या १९०३ मधील इशाऱ्याचे स्मरण दिले. मूळ गीत आणि विडंबन या दोन्ही संहिता निकालपत्राला परिशिष्ट म्हणून जोडल्या आहेत. न्यायालयाने त्या वाचल्या, त्यांतील संबंध ओळखला, पण त्यांना गुण दिले नाहीत.

(४)

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावयास हवा. परंपरेचा दाखला देऊन केलेला बचाव त्या परंपरेत कोणाची विटंबना होते हे झाकून टाकतो. किंबर्ले क्रेन्शॉ यांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या निबंधात नेमका हाच मुद्दा मांडला. खटल्यामागे वंशभेद आहे हे त्यांना मान्य होते. तितकीच उघड भाषा वापरणाऱ्या गोऱ्या कलावंतांना अटक झाली नव्हती. परंतु गेट्स यांचा युक्तिवादही त्यांनी तसाच स्वीकारला नाही. हा खेळ आहे, हे विडंबन आहे, असे म्हटल्याने गाण्यांतील कृष्णवर्णीय स्त्रियांवरचे घाव नाहीसे होत नाहीत. खटला चालवणाऱ्यांना या स्त्रियांची चिंता नव्हती आणि बचाव करणाऱ्यांच्या युक्तिवादात त्यांना जागा नव्हती, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

मूल्याच्या साक्षीतील दोष या आक्षेपाने उघडा पडतो. गायकांना तुरुंगापासून वाचवावयाचे असेल तर कृतीविषयी चांगलेच बोलले पाहिजे, अशी सक्ती त्या साक्षीत असते. समीक्षकाच्या प्रत्येक प्रतिकूल वाक्याचा सरकारी वकील उपयोग करील, या भीतीने समीक्षा स्वतःच्या जिभेला आवर घालते. म्हणजे अभ्यवेक्षण केवळ कवीला गप्प करीत नाही. ते समीक्षकालाही खोटे बोलावयास लावते. स्वातंत्र्य मूल्यावर अवलंबून नसेल, तरच क्रेन्शॉ यांच्यासारखी कठोर समीक्षा निर्धास्तपणे करता येते.

(५)

आता आपल्याकडील चित्र. मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्यावर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल खटला झाला, तेव्हा मुल्कराज आनंद यांनी कादंबरीच्या वाङ्मयीन श्रेष्ठतेची साक्ष दिली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय न्यायालयानेच करावयाचा असल्याचे सांगून शिक्षा कायम केली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कादंबरीचा खटला १९६९ मध्ये लेखकाच्या बाजूने निकाली निघाला. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हिताचे प्रकाशन अपवाद ठरले. हा अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही कायम आहे. आपल्या कायद्यातही साहित्यमूल्य हे असे सुटकेचे दार आहे.

ते दार किती अरुंद आहे, हे वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणाने दाखवले. बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या पत्रिकेत १९९४ मध्ये ती छापली गेली. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काव्यगत स्वातंत्र्याची विस्तृत चर्चा केली. साहित्याविषयीचा आदर निकालपत्रात जागोजागी आहे. पण ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तीच्या मुखी असभ्य शब्द घातले तर समकालीन मापदंड अधिक कडकपणे लावावा लागेल, असा निष्कर्ष निघाला आणि कवीवरील आरोप रद्द झाला नाही. साहित्याचा गौरव आणि कवीची सुटका या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

रॅप आता मराठीतही रुजले आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपगायकांवर राजकीय टीका करणाऱ्या गाण्यांबद्दल गुन्हे नोंदवले गेले. त्यांच्या रचना उत्तम काव्य आहेत की नाहीत, याची चर्चा आपल्या विभागांतून अवश्य व्हावी. परंतु ती चर्चा संपेपर्यंत त्यांच्या हक्काचा प्रश्न थांबवून ठेवता येणार नाही. ‘गोलपिठा’ (१९७२) प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना होती. अनोळखी प्रदेशातून आलेल्या भाषेला प्रस्थापित साहित्यव्यवहारात ओळख करून देणारा असा एक हात लाभणे ही भाग्याची गोष्ट. पण प्रस्तावना ही वाचकाला दिलेली वाट असते. पोलिसांना दाखवायचा परवाना नसतो.

(६)

मग साहित्याच्या अभ्यासकाने साक्षीला जाऊच नये काय? कायद्यात मूल्याची कसोटी आहे तोवर साक्ष नाकारणे म्हणजे आरोपीला वाऱ्यावर सोडणे होईल. आपली तात्त्विक शुद्धता दुसऱ्याच्या तुरुंगवासाच्या मोलाने जपता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की साक्षीचे दोन प्रकार आपण मनात वेगळे ठेवावेत. एक वाचनाची साक्ष: हा वाङ्मयप्रकार कोणता, त्याचे संकेत कोणते, त्यातील ‘मी’ म्हणजे कोण, श्रोता त्याचा अर्थ कसा घेतो. ही साक्ष देणे हे आपले ज्ञानक्षेत्रच आहे, आणि गेट्स यांच्या साक्षीचा टिकाऊ भाग हाच आहे. दुसरी मूल्याची साक्ष: ही कृती श्रेष्ठ आहे, म्हणून तिला सोडा. ती देण्याची वेळ आली तर द्यावी. पण देताना, मूल्य नसते तरी बोलण्याचा हक्क असताच, हे त्याच श्वासात सांगावे.

वाचनाच्या साक्षीचे महत्त्व वाढत चालले आहे. रॅपच्या ओळी कवीच्या कबुलीजबाबासारख्या वाचून त्या फौजदारी खटल्यांत पुरावा म्हणून सादर करण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली; तिला आळा घालणारा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये केला. निवेदक आणि लेखक यांत भेद असतो, हे आपण प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवतो. तो भेद न जाणणाऱ्या न्यायालयात माणसाचे आयुष्य पणाला लागू शकते.

आपल्या अभ्यासक्रमांत शाहिरी, लावणी, दलित कविता यांना स्थान मिळाले आहे. मौखिक आणि सादरीकरणाधिष्ठित कवितेच्या वाचनाची पद्धती मात्र आपण अद्याप पुरेशी घडवलेली नाही. मराठी रॅप हा त्या दृष्टीने शोधनिबंधांचा विषय व्हावयास हवा. त्याच्या गौरवासाठी नव्हे, तर तो कसा ऐकावा हे सांगता यावे म्हणून. उद्या एखादा वकील विभागाच्या दारात येईल तेव्हा त्याला प्रमाणपत्र देऊन वाटेला लावायचे, की ही गाणी कशी ऐकली जातात हे त्याला समजावून द्यायचे, याची तयारी आजच्या वर्गांतून आणि प्रबंधांतूनच व्हावयाची आहे.